उभ्याचा बोर्ड गुडघ्यांखाली: एक फसलेला आणि एक जमलेला

सर्फबोर्ड माझ्याकडे परत आला तेव्हा डेकवर, म्हणजे त्याच्या वरच्या पृष्ठभागावर, दोन खळगे पडलेले होते. बशीएवढे पसरट, मधल्या लाकडी पट्टीपासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर. मी टेप लावली. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १३ इंच. त्या जागी बोर्ड जेमतेम १८ इंच रुंद, म्हणजे प्रत्येक खळग्याचा मध्य कडेपासून अडीच इंचांवर. बोट फिरवलं की काठाशी फायबरग्लास तडकल्याच्या बारीक रेषा हाताला लागत होत्या. सहा आठवड्यांत एवढं झालं होतं, आणि बोर्ड पाण्यात उतरला होता फार तर वीस वेळा.

हा बोर्ड मीच घडवला होता, आणि गुडघ्यांवर बसून लाट घेणाऱ्या माणसासाठी म्हणूनच घडवला होता. तो का फसला आणि त्यानंतरचा का जमला, ते इथे मोजमापांसह लिहून ठेवतो आहे. नीबोर्ड म्हणजे सर्फबोर्डच, फक्त जरा आखूड, अशी माझी समजूत होती. उभ्याचे बोर्ड वर्षानुवर्षं घडवणाऱ्याच्या हाताला ही समजूत फार सहज चिकटते.

माणूस आणि त्याची अडचण

माझा मित्र वीस वर्षं उभा राहून सर्फिंग करत आला. उंची ५ फूट ९ इंच, वजन ७४ किलो. त्याचे गेल्या काही वर्षांतले सगळे बोर्ड माझ्याच हातचे: ६ फूट २ इंच लांब, सव्वाएकोणीस इंच रुंद, २.४ इंच जाड, तळाला तीन फिन (पाण्यात दिशा धरणारी पाती). मग कमरेच्या मणक्यात नस दबली, शस्त्रक्रिया झाली, पाठ सावरली; पण एका पायाचा चवडा वर उचलण्याची ताकद परत आली नाही. चालताना तो पाय जरा जास्त उंच उचलतो, एवढंच बाहेरून दिसतं. पाण्यात मात्र तो नेमका पुढे टाकायचा पाय. झोपलेल्या अवस्थेतून एका झटक्यात उभं राहताना चवडा डेकवर घासायचा, बोटं दुमडायची, आणि तो तोंडावर पडायचा. वर्षभर त्याने हट्ट धरला. शेवटी एक दिवस म्हणाला, “उभं राहणं सोडतो, लाट नाही सोडत. मला गुडघ्यांवरचा बोर्ड करून दे.”

गुडघे टेकून बसायला त्याला काहीच त्रास नव्हता. पावलं मागे सरळ पडलेली, टाचांवर बसलेला, वज्रासनात बसावं तसा. चवडा उचलायचा प्रश्नच येत नव्हता.

मी त्याच्या नेहमीच्या बोर्डचा साचा घेतला आणि ६ इंच कमी केले. ५ फूट ८ इंच. रुंदी तीच ठेवली, जाडी थोडी वाढवली, नोज (पुढचं टोक) जरा गोल केलं. फिन जिथे असायच्या तिथेच. डेकला नेहमीसारखा हलका फुगवटा. दिसायला बोर्ड देखणा झाला होता, हेही सांगायला हवं, कारण त्या देखणेपणानेच माझी दिशाभूल केली. उभ्याच्या बोर्डच्या प्रमाणात डोळा तयार झालेला असतो, आणि जे त्या प्रमाणात बसतं ते बरोबरच असणार असं वाटतं.

पाण्यात काय झालं

त्याने सांगितलेल्या तक्रारी दोन होत्या, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध वाटत होत्या. पहिली: लाट पकडल्यावर टेल (मागचं टोक) बुडतं, नोज वर उठतं, बोर्ड पाणी ढकलत राहतो, वेग येत नाही. दुसरी: वळवायला गेलं की बोर्ड अडून बसतो, जणू आपण फार पुढे बसलो आहोत. म्हणजे वजन एकाच वेळी जास्त मागेही आणि जास्त पुढेही?

सुरुवातीला मला वाटलं, अजून त्याला बसायची जागा सापडलेली नाही. दोन इंच पुढे सरकून बघ, मग दोन इंच मागे, असं मी सांगत राहिलो. पुढे सरकला की वेग थोडा सुधारायचा आणि वळण पूर्ण जायचं. मागे सरकला की वळण किंचित यायचं आणि बोर्ड पाण्यात रुतायचा. तिसरी एक गोष्ट त्याने तक्रार म्हणून सांगितली नव्हती, मी किनाऱ्यावरून पाहिली. सरळ जातानाही बोर्ड डावी-उजवीकडे डुगडुगत होता. वीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस नवशिक्यासारखा तोल सांभाळत होता. ते बघवलं नाही.

खळगे पडलेला बोर्ड घेऊन तो आला, त्या दिवशी मी अंदाज बांधणं थांबवलं आणि वजन मोजायचं ठरवलं.

दोन वजनकाटे आणि एक पेन्सिल

पद्धत अगदी साधी आहे, आणि बोर्ड घडवणाऱ्या कुणालाही घरात करता येते. फिन काढून त्याचा जुना ६ फूट २ इंची बोर्ड दोन फोमच्या ठोकळ्यांवर ठेवला. एक ठोकळा टेलच्या टोकापासून १२ इंचांवर, दुसरा ६० इंचांवर, आणि प्रत्येक ठोकळ्याखाली एक वजनकाटा. बोर्डचं स्वतःचं वजन आकड्यांतून वजा केलं. मग त्याला लाटेवर राहायचा तसं उभं राहायला सांगितलं, मी बाजूला आधाराला. मागचा पाय टेलपासून १० इंचांवर, पुढचा ४० इंचांवर.

पुढचा काटा २३ किलो, मागचा ५१. तराजूचा नियम लावला की त्याच्या शरीराचं वजन टेलपासून साधारण २७ इंचांवर पडत होतं.

मग तोच बोर्ड, तोच माणूस, पण गुडघ्यांवर. पायात फ्लिपर (पोहायचे रबरी पंख) असतात म्हणून पावलांची टोकं टेलच्या काठाशी. पुढचा काटा ८, मागचा ६६. वजन १७ इंचांवर.

दहा इंच मागे. बोर्डच्या दुनियेत दहा इंच म्हणजे दुसरंच गाव. आणि त्याहून महत्त्वाचा आकडा नंतर आला. मी त्याला दोन्ही पद्धतींनी जमेल तितकं पुढे आणि जमेल तितकं मागे झुकायला सांगितलं. उभा असताना तो वजन १६ इंचांपासून ३४ इंचांपर्यंत नेऊ शकत होता, म्हणजे दीड फूट. गुडघ्यांवर १४ ते २१. सात इंच, बस्स.

हा सात इंचांचा आकडा मी पेन्सिलने भिंतीवर लिहिला. तो अजून तिथे आहे. नीबोर्ड आणि उभ्याचा बोर्ड यांच्यातला जवळजवळ प्रत्येक फरक त्याच्यातून निघतो.

उभा माणूस बोर्डवर सतत वजनाची जागा बदलत असतो. वेग हवा तेव्हा पुढच्या पायावर, वळायचं तेव्हा मागच्या पायावर. त्यामुळे त्याच्या बोर्डमध्ये दोन वेगळे बोर्ड लपलेले असतात: पुढचा भाग पळण्यासाठी, मागचा वळण्यासाठी. मागचा भाग अरुंद आणि वर वळलेला ठेवता येतो, कारण त्यावर पूर्ण भार फक्त वळणापुरता, क्षणभर येतो. गुडघ्यांवरच्या माणसाला असं येणं-जाणं नाही. त्याला एकाच जागी बसून पळायचंही असतं आणि वळायचंही. जागा ठरलेली आहे, तर बोर्डने त्या जागेपाशी यायला हवं.

आता त्या दोन परस्परविरोधी तक्रारींचा उलगडा झाला. माझ्या ५ फूट ८ इंची बोर्डचं टेल, टोकापासून १२ इंचांवर मोजलं तर, १४ इंच रुंद होतं. क्षणभराच्या भारासाठी बनवलेल्या त्या अरुंद टेलवर ६६ किलो कायमचे येऊन बसले होते. ते बुडणारच. पण फिन त्याहूनही मागे होत्या: बाजूच्या दोन ११ इंचांवर, मधली साडेतीन इंचांवर. उभ्या माणसाचा मागचा पाय बरोबर या फिनच्या डोक्यावर येतो आणि तिथे दाब दिला की बोर्ड गर्रकन फिरतो. गुडघ्यांवरचा माणूस कितीही मागे झुकला तरी १४ इंचांच्या मागे जाऊ शकत नाही. म्हणजे तरंगण्याच्या हिशेबाने तो फार मागे होता आणि फिनच्या हिशेबाने फार पुढे. दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. मी त्याला बसायची जागा शोधायला लावत होतो, आणि तशी जागा त्या बोर्डवर नव्हतीच.

रुंदी, आणि ती का परवडते

टेल बुडतं तर रुंद करा, हे कुणीही सांगेल. उभ्याच्या बोर्डमध्ये मात्र रुंदी सहसा महागात पडते. उभ्या माणसाची पावलं मधल्या पट्टीवर आडवी असतात. बोर्ड कलवायला त्याच्याकडे टाच आणि चवडा, एवढंच. दहा इंचांच्या पावलात मध्यापासून एका बाजूला पाचेक इंच. रेल, म्हणजे बोर्डची कड, त्यापासून जितकी लांब, तितकी ती पाण्यात दाबायला जड. म्हणून चपळ शॉर्टबोर्ड साडेअठरा ते साडेएकोणीस इंचांच्या आसपास राहतात.

गुडघे मात्र मधल्या पट्टीवर नसतात. ते फाकलेले असतात. माझ्या मित्राचे १३ इंच, हे त्या खळग्यांनी आधीच सांगितलं होतं. एका गुडघ्यावर भार टाकला की वजन सरळ मध्यापासून साडेसहा इंचांवर जातं. वर धड झुकतं, हात रेलला धरतो. उभ्या माणसापेक्षा रेलवर जास्त जोर, आणि तोही घोट्यातून न येता थेट कमरेतून. त्यामुळे बावीस-तेवीस इंच रुंदीचा बोर्ड गुडघ्यांवरच्या माणसाला अजिबात जड जात नाही. उलट अरुंद बोर्डवर गुडघे कडेच्या इतके जवळ येतात की जरासा भार इकडे-तिकडे झाला तरी बोर्ड कलंडतो. किनाऱ्यावरून मी जे डुगडुगणं पाहिलं, ते हे.

बोर्डवरच्या माणसाच्या शरीराचं वजन किती उंचीवर आहे, याचाही इथे संबंध येतो. उभा माणूस गुडघे वाकवून, मग ताणून, अख्ख्या शरीराचा स्प्रिंगसारखा उपयोग करतो. लाटेच्या तळाशी दाबायचं, वर येताना सुटायचं. बसलेल्याकडे ही उंची नाही. त्याचा वेग पायांच्या पंपाने येत नाही. बोर्डच्या तळाने पाण्यावर किती सहज घसरावं, यावरच तो अवलंबून असतो. चालत्या होडीतून हात पाण्यात धरून पाहिला असेल तर कळेल. पंजा जवळजवळ सपाट ठेवला की हात पाण्यावरून सरकतो, तिरका केला की पाणी हात मागे खेचतं. बोर्डचं टेल बुडून नोज वर उठणं म्हणजे पंजा तिरका करणं. रुंद टेल तोच भार मोठ्या पसाऱ्यावर घेतं, म्हणून बोर्ड सपाट राहतो.

रॉकरचंही, म्हणजे टोकांकडे बोर्ड वर वळलेला असतो त्याचंही, तसंच. उभ्याच्या बोर्डला टेलकडे अडीच इंच वर वळण देण्यात अर्थ असतो, कारण मागचा पाय दाबल्यावरच ते वळण पाण्याला लागतं. ज्याचं वजन कायम तिथेच आहे, त्याच्यासाठी तेच वळण पूर्णवेळ ब्रेक होतं.

गुडघ्यांवरून उभ्यांकडे गेलेलं

नवा बोर्ड कागदावर काढायला बसलो तेव्हा मला एक जुनी गोष्ट पुन्हा नीट आठवली. मी इतकी वर्षं उभ्यांसाठी जे घडवत होतो, त्यातलं बरंच काही मुळात गुडघ्यांवर बसणाऱ्यांकडूनच आलेलं होतं.

जॉर्ज ग्रीनो हा कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराचा माणूस. १९६० च्या दशकाच्या मध्यात तो जे नीबोर्ड बनवत होता, त्यांचा डेक चमच्यासारखा खोलगट कोरलेला असे. फोम फक्त नोज आणि रेलमध्ये. मधला आणि मागचा भाग म्हणजे नुसता फायबरग्लासचा पातळ पत्रा, दाबाखाली वाकणारा आणि परत सरळ होणारा. नुसता थांबला असता तो बोर्ड माणसाला धड तरंगवतही नसे. पायांतल्या फ्लिपरच्या जोरावर लाट पकडायची, आणि एकदा पाण्यावर चढला की मग त्याचा वेग. फिन माशाच्या शेपटासारखी उंच, निमुळती, मागे झुकलेली, आणि तीही वाकणारी. त्या काळात उभ्यांचे बोर्ड नऊ फुटांच्या पुढे असत. ऑस्ट्रेलियात बोर्ड घडवणारा बॉब मॅकटाविश आणि सर्फर नॅट यंग यांनी ग्रीनोला लाटेच्या उभ्या भिंतीवर आखूड, खोल वळणं घेताना पाहिलं आणि तेच उभं राहून करायचा ध्यास घेतला. १९६६ मध्ये सॅन डिएगोला नॅट यंग जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या बोर्डखाली ग्रीनोच्या धाटणीची फिन होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत बोर्ड फुटाफुटाने आखूड होत गेले. शॉर्टबोर्डची क्रांती म्हणतात ती हीच.

दुसरी गोष्ट माझ्या कामाच्या आणखी जवळची. १९६७ मध्ये सॅन डिएगोच्याच स्टीव्ह लिस या तरुणाने एक नीबोर्ड बनवला: आखूड, रुंद, सपाट, मागे माशाच्या शेपटासारखं खोल दुभंगलेलं टेल, आणि प्रत्येक टोकाला एक लांब, बुटकी फिन. आज ज्याला सगळे ‘फिश’ म्हणतात तो हा. त्यातलं शहाणपण मला त्या वजनकाट्यांनंतर खऱ्या अर्थाने कळलं. भार मागे आहे म्हणून टेल रुंद हवं. पण रुंद चौकोनी टेल वळताना कडेवर धरत नाही, उसळतं. म्हणून ते मधून चिरलं, की एका रेलवर कलल्यावर पाण्याला एकच अरुंद टोक लागतं. सरळ जाताना रुंद, वळताना अरुंद. आणि मध्ये फिन ठेवली तर इतकं रुंद टेल कलल्यावर ती पाण्याबाहेर येईल, म्हणून फिन कडेला. उभ्यांनी फिश नंतर उचलला. १९७२ मध्ये जिमी ब्लेअर्स फिशवर उभा राहून जगज्जेता झाला.

मी स्वतः उभ्यांसाठी कितीतरी फिश घडवले आहेत. मूळ आकार गुडघ्यांसाठी होता हे मला माहीत होतं, पण ते ऐकून ठेवलेलं होतं. त्यामागचं कारण मी कधी हाताखालून घातलं नव्हतं.

दुसरा बोर्ड

लांबी ५ फूट १० इंच. फसलेल्या बोर्डपेक्षा दोन इंच लांब, हे मुद्दाम सांगतो, कारण आखूड करत जाणं हाच उपाय असं मी धरून चाललो होतो. लांबीची वरची मर्यादा लाटेने ठरवली नाही, फ्लिपरने ठरवली. नीबोर्डवर झोपून जाताना हातांबरोबर पायही काम करतात, किंबहुना लाट पकडायच्या शेवटच्या क्षणी पायच काम करतात. पावलं पूर्ण आणि पोटरीचा काही भाग टेलच्या मागे पाण्यात राहायला हवा. ६ फूट २ इंचांवर त्याचे फ्लिपर टेलच्या कडेवर आपटत होते. ५ फूट १० वर मोकळे झाले.

रुंदी पावणेतेवीस इंच, आणि सगळ्यात रुंद जागा मध्यापासून दोन इंच पुढे. टेल १२ इंचांवर साडेसतरा, म्हणजे आधीपेक्षा साडेतीन इंच जास्त. नोज १७. जाडी २.७. एकूण आकारमान ४० लिटरच्या आसपास; त्याच्या जुन्या बोर्डचं तीसेक होतं. या आकड्याला मात्र मी फार महत्त्व देत नाही. ग्रीनोचे बोर्ड जवळपास न तरंगणारे होते आणि तरी धावत. माझ्या मित्राला हवा होता तो लिटर नव्हे, मागचा पसारा. लिटर त्याबरोबर आपोआप आले.

टेलचा रॉकर अडीच इंचांवरून पावणेदोनवर आणला. नोजचा फक्त अर्धा इंच कमी केला, कारण बसलेला माणूस लाटेत उशिरा, उभ्या उतारावरून शिरतो आणि तिथे नोज पाण्यात घुसायला नको.

फिन चार. पुढच्या दोन टेलपासून १३ इंचांवर, मागच्या दोन ७ इंचांवर, सगळ्या रेलजवळ. मध्ये एकही नाही. वजन १४ ते २१ इंचांत खेळतं, तर पुढच्या फिन त्या पट्ट्याच्या तोंडाशी आल्या. मागे झुकलं की गुडघ्यांवरचा भार पहिल्यांदाच फिनच्या जवळ पोचणार होता. फिनचा आकारही वाढवला. रुंद टेल वर उचलायला बघतं, त्याला धरून ठेवायला मोठी फिन लागते.

सगळ्यात जास्त वेळ डेकवर गेला. उभ्याच्या बोर्डला मध्ये फुगवटा देऊन कडेला उतार ठेवतात, त्यामुळे मध्ये जाडी राहून रेल पातळ होते. पावलं मध्यावर असल्याने त्यांना उताराचं काही वाटत नाही. गुडघे पडतात नेमके उतारावर. म्हणजे ते सतत बाहेर घसरायला बघतात आणि माणूस मांड्या आवळून त्यांना आत धरून ठेवतो. मित्र म्हणाला होता, अर्ध्या तासात मांड्या भरून येतात. मी समजलो होतो, सवय नाही म्हणून. ती सवय नव्हती, माझा फुगवटा होता. नव्या बोर्डचा डेक सपाट ठेवला, आणि गुडघ्यांच्या जागी सँडपेपर हातात धरून, डोळे मिटून, बोटांनी चाचपत अगदी उथळ खोलगट भाग उतरवला. पाव इंचाहून कमी. जास्त कोरलं तर गुडघ्याखालचा फोम पातळ होतो आणि जागा हलवायची मुभा जाते. त्या भागावर फायबरग्लासच्या कापडाचा जादा तुकडा गुडघ्यांपासून पावलांपर्यंत टाकला. पूर्वीच्या डेकवर चार औंसाचे दोन थर होते; इथे सहा औंसाचे दोन आणि वर हा तुकडा. उभ्याचं पाऊल भार पसरवतं, गुडघ्याची वाटी तो एका ठिकाणी ठेवते. वरून मऊ फोमचा जाड पॅड चिकटवला, तो मात्र रेझिन पूर्ण मुरल्यावर, आठवडाभराने.

टेल दुभंगलेलं ठेवलं. लिसइतकं खोल नाही.

लाटेवर

पहिल्या दिवशी लाटा कमरेएवढ्या होत्या. तो झोपला, फ्लिपर मारले, गुडघे वर ओढले, आणि बोर्ड सपाट निघाला. नोज उठलं नाही. मी किनाऱ्यावर होतो. पाणी टेलमागे पूर्वी उकळल्यासारखं दिसायचं, आता तिथे गुळगुळीत पट्टा होता. पहिलं वळण त्याने जरा जास्तच घेतलं आणि बाहेर फेकला गेला. वर आला तो हसत. “आता हा ऐकतोय,” म्हणाला.

बसल्याचा एक फायदा त्याने पुढच्या आठवड्यांत शोधला, जो मला मोजता आला नसता. छातीएवढी लाट उभ्याला फक्त छातीएवढीच असते. बसलेल्याच्या डोक्यावरून तीच लाट वळते. जिथे उभा माणूस कधीच मावला नसता, तिथे तो पाण्याच्या नळीत शिरू लागला. वीस वर्षांत नळीत गेलो नव्हतो इतक्या वेळा महिन्यात गेलो, हे त्याचे शब्द.

सगळं सुरळीत झालं नाही. डोक्याच्या वरच्या उंचीच्या, वाऱ्याने खवळलेल्या लाटांत साडेसतरा इंचांचं टेल आपटायला लागलं. वेगात वळताना ते रेलवरून सुटून उसळायचं, आणि इतकं खाली बसलेल्या माणसाला ते झेलायला पायांचा स्प्रिंग नसतो. धक्का सरळ कमरेत जातो. त्याच्या पाठीचा इतिहास पाहता मला हे चालणार नव्हतं. मागच्या फिन आणखी मोठ्या बसवल्या, त्याने अर्धं काम झालं. मग पॅड दीड इंच पुढे सरकवून पुन्हा चिकटवला, म्हणजे भारही तितका पुढे. मोठ्या लाटेत वेग फुकट मिळतो, तिथे टेलवर इतकं मागे बसायची गरज नसते. आपटणं कमी झालं, थांबलं नाही. लहान लाटेत किंचित चपळाई गेली, ती त्याने सोडून दिली.

दुखऱ्या पायाचा फ्लिपर निसटायचा, कारण चवडा वर धरून तो अडकवून ठेवता येत नाही. घोट्याला मऊ दोरीने बांधला, प्रश्न मिटला.

चार महिन्यांनी मी पॅडची कड उचलून डेक पाहिला. दाब पडलेला दिसत होता, पण भेग एकही नव्हती. दोन्ही खुणांमधलं अंतर १४ इंच. पूर्वीपेक्षा एक इंच जास्त. गुडघे घसरायची भीती गेल्यावर तो आपसूक जरा फाकून, सैल बसायला लागला होता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हती.

मोठ्या लाटांसाठी त्याला आता दुसरा बोर्ड हवा आहे. ६ फूट, टेल साडेसोळा, रेलखाली टेलकडे तिरका छाट म्हणजे आपटण्याऐवजी पाणी बाजूला जाईल, आणि गुडघ्यांची जागा पहिल्या दिवसापासून दीड इंच पुढे. ब्लँक, म्हणजे न घडवलेला फोमचा ठोकळा, स्टँडवर लावलेला आहे. त्यावर अजून बाह्यरेषाही काढलेली नाही; फक्त दोन पेन्सिलीच्या फुल्या आहेत, १४ इंचांच्या अंतरावर.